रुमालाखालचे आकडे

नातीला बोलायला शिकवण्यासाठी आमच्या घरात एक खोका आला, आणि त्या खोक्यानं पहिलं काम काय केलं तर माझं तोंड बंद केलं.

आम्ही धुळ्याला देवपुरात राहतो. मी, मुलगा, सून आणि तीन वर्षांची नात. बायको नात जन्मायच्या आधीच गेली. मुलगा सकाळी डबा घेऊन नोकरीवर जातो, तो दिवे लागल्यावर येतो. माझा धंदा चटयांचा. जळगावच्या कारखान्यांतून प्लास्टिकच्या चटया आणायच्या आणि साक्री, शिरपूर, दोंडाईच्याच्या दुकानदारांना पुरवायच्या. सुरुवात केली तेव्हा सायकलच्या कॅरिअरवर चटयांची भेंडोळी बांधून गल्लोगल्ली ओरडत फिरायचो. आज स्वतःचं गोदाम आहे. यात कुणाच्या बापाचा हात नाही, माझ्याही नाही. शाळा सातवीपर्यंत झाली. जे मिळवलं ते बोलून मिळवलं. चटई सगळ्यांची सारखीच असते, गिऱ्हाईक थांबतं ते बोलण्याला. आणि मी जन्मभर बोललो ते अहिराणीत.

तर मुलानं मोबाइलवर कुठलीशी जाहिरात पाहिली आणि खोका मागवला. वर एका गोबऱ्या गालाच्या पोराचा फोटो. त्या पोरानं चष्मा घातलेला, म्हणजे हुशार. आत एक टॅबलेट, चित्रांची जाड पुठ्ठ्याची कार्डं, रंगीत ठोकळे, कापडाचा एक हत्ती आणि मुळाक्षरं छापलेली चटई. 'बालविकास मॅट' असं तिचं नाव होतं. मी ती हातात घेतली, कडेची शिलाई पाहिली, अंगठ्यानं दाबून जाडी पाहिली आणि मुलाला सांगितलं की हा माल कुठल्या गल्लीत निघतो ते मला माहीत आहे, आणि तिथे त्याला कुणी विकास म्हणत नाही, दोन नंबरचा माल म्हणतात. मुलगा म्हणाला, नाना, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत चटईच दिसते. मी म्हटलं, चटईत मला चटई दिसली.

टॅबलेटमध्ये एक पोपट होता. कोट घातलेला. तो गाणी म्हणायचा, आकडे म्हणायचा, मग विचारायचा, "सांगा बरं, किती सफरचंदं?" आणि दोन पळं थांबून स्वतःच ओरडायचा, "शाब्बास!" नात समोर बसलेली असो, नाहीतर मोरीत हात धूत असो, शाब्बास ठरलेलं. एकदा मी मुद्दाम समोर बसून चूक उत्तर दिलं. मला पण शाब्बास. असा पोपट मला दुकानात ठेवायला मिळाला असता तर गिऱ्हाइकांना वेगळी सूट द्यावी लागली नसती. नातीला मात्र काही दिवसांत एक खोड लागली. पाणी पिऊन झालं की ती स्वतःसाठी टाळ्या वाजवायची.

हे सगळं मी सोसलं असतं. खोक्याबरोबर एक मार्गदर्शक बाई पण मिळायच्या, त्यांचं मला सोसलं नाही. पंचविशीची मुलगी, गळ्यात कंपनीची पट्टी. पहिल्यांदा घरी आली ती टॅबलेट चालू करून द्यायला. मी नातीला माझ्या नेहमीच्या पद्धतीनं हाक मारली, "आठे ये वं मनी माय, काय करी ऱ्हायनी?" म्हणजे इकडे ये गं माझे माय, काय करतेयस. त्या बाईनं वहीत काहीतरी टिपलं. मग सुनेला हळू आवाजात आणि मला मोठ्या आवाजात सांगितलं की मिश्र बोलीनं मूल गोंधळतं, शब्द उशिरा येतात, तेव्हा निदान सहा महिने घरात एकच शुद्ध भाषा ठेवा. मला 'अंकल' म्हणाली. तिच्या आजोबाच्या वयाच्या माणसाला.

रात्रीच्या जेवणाला मुलानं तेच पुढे केलं. नाना, सहाच महिने. तिच्यासमोर गावाकडचं नका बोलू. मी ताट सरकवलं. मी म्हटलं, गावाकडचं बोलूनच तुला इंजिनीअर केला, तेव्हा गोंधळला नाहीस. आवाज शेजारापर्यंत गेला असणार, माझा जातोच. सून भाकरी वाढत राहिली. ती फैजपूरची, केळीवाल्यांच्या घरातली, एमएस्सी झालेली. शांत आहे, पण ऐकून सोडून देणारी नाही. दुसऱ्या दिवशी फ्रिजवर एक तक्ता चिकटलेला दिसला. 'आपण असे बोलूया.' त्याखाली शुद्ध वाक्यं.

मला शुद्ध बोलता येत नाही असं नाही. व्यापाऱ्यांच्या सभेत मी कलेक्टरसमोर पाच मिनिटं बोललो आहे. पण लेकराशी बोलताना माणूस पोटातून बोलतो. दोन-तीन दिवस करून पाहिलं. "बाळा, तू दूध प्यायलीस का?" मला माझाच आवाज ऐकून वाटायचं, हा इसम तिला चटई विकतोय. नातही माझ्याकडे गिऱ्हाइकासारखी बघायची. शेवटी चिडून मी तिच्याशी बोलणंच सोडलं. सकाळी मी ओट्यावर पेपर घेऊन बसायचो, ती येऊन शेजारी बसायची, आणि आम्ही दोघं एसटी स्टँडवरच्या अनोळखी माणसांसारखे समोरचा रस्ता बघायचो. माझ्याच ओट्यावर. त्या दिवसांचा राग अजून गेलेला नाही. तीन वर्षांची पोर आज जे ऐकेल तेच तिच्या जिभेवर राहणार. सहा महिन्यांनी माझी बोली तिला परक्याची वाटली असती, आणि मीही.

माझे वडील बैलबाजारात दलाल होते. ज्यांनी तो बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथे भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि दलाल हातात हात देतात, वरून रुमाल टाकतात आणि बोटं धरून आकडा सांगतात. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, पुरा पंजा म्हणजे पाच, पंजा दाबून पुन्हा एक बोट म्हणजे सहा. भोवती वीस माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. आणि चेहरा कोरा ठेवायचा. ओठ हलला, भुवई उडाली, की सौदा फुटला. शाळेत पाढे यायच्या आधी मी वडिलांच्या रुमालाखाली आकडे शिकलो.

एका सकाळी ओट्यावर बसल्या बसल्या मला सुचलं की बंदी बोलण्यावर आहे, हातावर कुणी घातलेली नाही. मी खांद्यावरचा रुमाल काढला, तिचा हात हातात घेतला, वर रुमाल टाकला. समोर तारेवर तीन कबुतरं होती. मी तिकडे मान केली आणि तिची तीन बोटं दाबली. ती माझ्याकडे बघत राहिली. एक उडून गेलं. मी दोन दाबली. अजून एक उडालं, तेव्हा तिनंच माझं एक बोट धरलं.

त्यानंतर आमचा बाजार रोज भरू लागला. स्कूटर किती गेल्या, दूधवाल्याच्या गाडीला किती कॅन, भाजीवालीच्या टोपलीत किती दोडके. पोरीची बोटं एवढीशी, माझी दोन बोटं धरताना तिची मूठ भरून जायची. महिन्याभरात ती नऊपर्यंत आली. कोरा चेहरा तर तिनं असा उचलला की माझ्या वडिलांनी तिला दुसऱ्याच दिवशी बाजारात उभं केलं असतं. कधी मी मुद्दाम चूक आकडा दाबायचो. ती हूं का चूं न करता माझं बोट सोडायची, बरोबर तेवढी पकडायची आणि रस्त्याकडे बघत राहायची. शाब्बास म्हणायची आमच्यात पद्धत नव्हती. एक शब्द बोललो नाही मी. नियम पाळला.

तिसऱ्या महिन्यात ती मार्गदर्शक बाई प्रगती तपासायला आली. मुलगा कामावर होता. सुनेनं पोहे केले, नातीला नवा फ्रॉक घातला. बाईनं ती दोन नंबरची चटई पसरली, तिच्यावर नातीला बसवलं आणि सफरचंदांचं कार्ड पुढे धरलं. चार सफरचंदं. "किती आहेत सांग बरं?"

नातीचा चेहरा कोरा. बाईनं पुन्हा विचारलं. मग बोटांनी दाखव म्हणाली. नातीनं कार्डाकडे एकदा पाहिलं, नजर खिडकीकडे वळवली, बाईचा हात पकडला आणि बाईच्या ओढणीखाली ओढला. बाई दचकली. नातीनं तिची चार बोटं घट्ट दाबली आणि उत्तराची वाट बघत बसली. बाईनं हात सोडवून घेतला. दुसरं कार्ड, सात फुगे. पुन्हा ओढणी, पुन्हा पंजा, मग दोन बोटं. उत्तर बिनचूक. पण ते घ्यायचं कसं हे त्या बाईला कुणी शिकवलेलं नव्हतं. तिनं वही काढली आणि सुनेला म्हणाली की मूल नजर देत नाही, प्रश्न टाळतं, अंगाला झोंबतं. संख्याज्ञान शून्य. वेगळी सत्रं लावावी लागतील, आणि घरात काही चुकीचं वळण लागतंय का तेही बघा. हे शेवटचं माझ्याकडे बघून.

मी उठलो. मी काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. पण तो रुमाल, तो बाजार आणि नातीची दोन्ही उत्तरं मी तिला समजावून सांगितली, अहिराणीत, कारण मला राग शुद्ध भाषेत येत नाही. पुढे म्हणालो की तुझा पोपट कुणालाही शाब्बास म्हणतो आणि तू बरोबर उत्तराला शून्य देतेस, तेव्हा तुमच्या कंपनीत आधी पोपटानं तुला तपासावं. बाईनं पोहे अर्धे ठेवले आणि सामान आवरून गेली.

मग मी सुनेकडे वळलो. जिंकल्याच्या गुर्मीत होतो. म्हटलं, तुझ्या त्या तक्त्यापायी तीन महिने मी माझ्या नातीशी मुका राहिलो. तुम्ही माझी बोली माझ्या घरात बंद केलीत.

ती चटई गुंडाळत होती. हातातलं काम न थांबवता म्हणाली, "नाना, या घरात पहिली बोली बंद झाली ती माझी. ती तुम्ही केली."

मला कळेना. तिनं सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात घरात पाहुणे होते आणि तिच्या आईचा फोन आला. ती आईशी माहेरच्या बोलीत बोलली, "माह्यं जेवन झालं, तुह्यं झालं का वं?" फोन ठेवल्यावर मी तेच वाक्य हेल काढून पाहुण्यांना म्हणून दाखवलं. सगळे हसले. मग पुढचे आठ दिवस मी प्रत्येक जेवणाला म्हणत राहिलो, तुह्यं झालं का वं.

मला यातलं काही आठवत नव्हतं. पण मी केलं नसेन असं म्हणवेना. मी असं करतो.

"तेव्हापासून आईचा फोन आला की मी गच्चीवर जाते," ती म्हणाली.

मला इतकी वर्षं वाटत होतं की ती रेंजसाठी जाते.

"त्या बाई शुद्धच बोला म्हणाल्या ना, तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आता दोघांचीही बंद."

मी चप्पल घातली आणि गोदामात गेलो. तिथे दिवसभर हमालांवर खेकसत राहिलो. माझी बोली गावठी म्हणणाऱ्यांना मी तीन महिने मनातल्या मनात शिव्या घालत होतो, आणि आमच्या तापीपलीकडच्या माणसांची बोली मला स्वतःला हसण्याजोगी वाटत होती. अहिराणी म्हणजे कुठली संस्कृत होती? राग कुणावर काढावा ते कळेना तेव्हा मी हमालांना चहा पाजला आणि घरी आलो.

सून भाकरी थापत होती. माफी मागायची मला सवय नाही, सौद्याची आहे. दारात उभा राहून म्हटलं, "तू तुझी बोल, मी माझी बोलतो. तो तक्ता काढ."

"खोका राहील," ती म्हणाली. "चित्रं तिला आवडतात. रंग तिला त्यातूनच आले."

ते खरं होतं. म्हटलं, राहू दे. पण त्या बाईची सत्रं नकोत.

"नकोत. आणि हसायचं नाही."

"नाही."

"पाहुणे असताना पण नाही."

मी खांद्यावरचा रुमाल झटकला. तेवढ्यात तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडे पाहिलं. चेहरा असा कोरा की तिला कुणी शिकवलं असा प्रश्न पडावा.

"पाहुणे असताना पण नाही," मी म्हटलं.

दोन दिवसांनी संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. तिनं तो स्वयंपाकघरातच घेतला, गरजेपेक्षा जरा मोठ्या आवाजात. नात तिच्या पायाशी बसून सगळं ऐकत होती. फोन झाल्यावर धावत माझ्याकडे आली, मी हात पुढे केला तर हातातला कापडाचा हत्ती मला देईना. "हाई माह्यं शे," म्हणाली. अर्धं माझं, अर्धं आईचं, आणि वर तोच फैजपूरचा हेल.

मला हसू आलं. खोटं कशाला बोलू, जुनी खोड आहे. सून दारात उभी राहून बघत होती. मी पेपर उघडला आणि तोंडासमोर धरला.