तिच्या खोलीची भिंत

तावेत्ती पुकोनेनचं घर मी बांधलं असं गावात म्हणतात, पण ते खरं नाही. मी फक्त विटांचं काम केलं. घर त्याच्या डोक्यातलं होतं.

१९४७ सालची गोष्ट. युद्धात फिनिश सरहद्दीवरच्या कारेलियातलं आमचं गाव शत्रूकडे गेलं आणि मी आणि तावेत्ती इकडे पश्चिमेला सावो प्रांतात येऊन पडलो. त्याची बायको क्षयानं वारलेली. मुलगी इर्या चार वर्षांची असताना, युद्धात सुरक्षित राहावी म्हणून, इतर मुलांबरोबर स्वीडनला पाठवली होती, ती अजून तिकडच्याच एका कुटुंबात होती. घर झालं की तिला आणायचं, एवढंच त्याच्या मनात. तोवर हा आधी बांधलेल्या सौनात, वाफेच्या न्हाणीघरातच झोपायचा.

सिमेंटच्या पोत्याच्या कागदावर त्यानं नकाशा काढला होता. सात मीटर बाय आठ, मधोमध धुराडं, भोवती चार खोल्या. घर तापवणाऱ्या विटांच्या भट्टीचं तोंड बैठकीत, एक बाजू स्वयंपाकघराला. इर्याचा पलंग उबेला लागावा म्हणून भट्टीची सगळी पाठ तिच्या खोलीला दिलेली.

मी म्हणालो, "अहो, तुमची खोली तिच्या खोलीपलीकडे पार कोपऱ्यात गेली. तिथे भट्टीची एकही वीट पोचत नाही."

"मी खंदकात झोपलोय, मिस्त्री. मला काय होतंय?"

"आणि थंडीनं पाठ धरली तर?"

"तुम्ही विटा लावा हो. माझी पोरगी म्हातारी व्हायच्या आत होऊ द्या म्हणजे झालं."

मी आणखी बोलायला हवं होतं. मी विटा लावायला घेतल्या.

इर्या आली ती तीन वर्षांनी, जूनमध्ये. तिला फिनिश येईनाशी झाली होती, त्याला स्वीडिश येत नव्हती. त्यानं तिचा हात धरून भट्टीच्या भिंतीला लावला. भट्टी गारच होती. पोरीनं मान हलवली आणि उकडतंय म्हणून खिडकी उघडली. आठ दिवसांनी ती परत गेली. पुढे तिकडच्या आईचं पत्र आलं, की इर्या आता इथेच राहायचं म्हणते.

"शाळा संपली की येईल," तावेत्ती म्हणाला.

त्या हिवाळ्यात तो तापानं पडला. मी गेलो तर त्याच्या खोलीत भिंतीतल्या खिळ्यांच्या डोक्यांवर बर्फ धरलेला. पलीकडे इर्याचा पलंग, धुतलेली चादर, उबदार भिंत.

"तिकडे झोपा की!"

"तिची खोली आहे ती."

मग मी न विचारता करवत घेतली आणि दोन खोल्यांमधल्या फळ्यांच्या भिंतीत, ऊब त्याच्याकडे यावी म्हणून, वीतभर चौकोन कापला. तो अंथरुणातूनच ओरडला, "अहो मिस्त्री, तिची खोली गार पडेल ना!"

मार्चमध्ये धुराडं झाडायला गेलो. तो बरा झाला होता, कॉफी ठेवत होता. मी कापलेल्या भोकात त्याचा लष्करी कोट कोंबलेला होता. आत ठोकून ठोकून, घट्ट.

मी इर्याच्या पलंगापाशी जाऊन भिंतीला हात लावून पाहिला. कुठे चीर नव्हती, ऊब सगळीकडे सारखी होती. भट्टीचं काम चांगलं झालं होतं.