हुकूम कोणाचा

लग्न होऊन वसमतजवळच्या हट्टा गावी आले तेव्हा माझ्याकडे व्यवस्थापनाची पदवी होती आणि तिचं काय करायचं ते माहीत नव्हतं. नांदेडच्या कॉलेजात आम्ही तत्त्वं पाठ केली होती. कामाची विभागणी, अधिकार आणि जबाबदारी, आदेशाची एकवाक्यता. शंभरेक वर्षांपूर्वी खाणीचा कारभार पाहणाऱ्या एका फ्रेंच अभियंत्याने ती मांडली, एवढं आठवत होतं. पुढे गावच्या शेतकऱ्यांनी मिळून हळदीची कंपनी काढली, गावाबाहेर शेड उभं केलं आणि मला व्यवस्थापक म्हणून ठेवलं.

काम सरळ होतं. शेतकरी उकडून वाळवलेली हळद आणायचे. ती फिरत्या ड्रममध्ये घालून पॉलिश व्हायची, मग बायका लांबट हळकुंडं आणि गोल गड्डे वेगळे निवडायच्या आणि पोती भरायच्या. बायकांवर एक मुकादम होती, माझ्याहून वयानं मोठी, शांत स्वभावाची. सगळ्या तिला मावशी म्हणत, मीही म्हणायचे.

अडचण वरच्या दोघांची होती. कंपनीचे अध्यक्ष म्हणजे गावातले जुने शेतकरी, सगळ्यांचे काका. शेडची जागा त्यांनीच दिलेली. ते सकाळी येऊन सांगायचे, "निवडणी बारीक करा, घाई करू नका." सचिव तरुण, वसमतला त्यांचं खताचं दुकान. ते दुपारी मोटारसायकलवरून यायचे आणि म्हणायचे, "निवडणी राहू द्या, व्यापाऱ्याची गाडी येऊन राहिली, पोती भरा." संध्याकाळी काकांना निवडणी अर्धवट दिसायची, बोलणी मावशी खायची. दुसऱ्या दिवशी पोती कमी भरली म्हणून सचिवांचीही तीच खायची.

एके दिवशी मी शेडवर पोचले तर ड्रम बंद. बायका बाहेर लिंबाखाली बसलेल्या.

"काय झालं, मावशी?"

"काही न्हाई, मॅडम. आमी काम कराया तयार हावोत. फक्त कोणाचं ऐकावं ते तुमी ठरवून सांगा. दोघायचं ऐकणं आता व्हत न्हाई."

ती रागावलेली नव्हती, थकली होती. मी परीक्षेत ज्यावर दोन पानं लिहिली होती ते हेच, हे तिथं उभं राहून माझ्या लक्षात आलं. माणसाला हुकूम एकाचाच असावा.

त्या आठवड्यात संचालकांची बैठक होती. मी सांगितलं की शेडमधल्या सूचना यापुढे माझ्याकडूनच जाव्यात. कुणाला काही बदल हवा असेल तर मला सांगावं, मी मावशींना सांगेन. सचिवांनी लगेच मान डोलावली. काकांनी माझ्याकडे वळून विचारलं.

"म्हणजे सूनबाई, मी शेडात यायचं, पण बोलायचं न्हाई?"

"बोलायचं ना, काका. पण माझ्याशी."

"बराबर हाये तुझं," ते म्हणाले आणि टोपी नीट करून उठले.

दुसऱ्या दिवसापासून ते आलेच नाहीत. शेडमधलं काम सुरळीत झालं. सकाळी ठरलेलं संध्याकाळपर्यंत तेच राहायचं, मावशीच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. मात्र दारावर रोज कुरबुर व्हायला लागली. कुणी ओलसर हळद आणली तर परत न्या म्हणायला माझी जीभ रेटायची नाही, आणि म्हटलं तरी कुणी ऐकायचं नाही. काका असताना ते हळकुंड मोडून बघायचे, हसत म्हणायचे, "अजून ऊन दाखव हिला," आणि माणूस मुकाट्यानं बैलगाडी वळवायचा.

मी त्यांच्या घरी गेले. काकूंनी चहा ठेवला. मी म्हटलं, "काका, काहून येत न्हाई तुमी?"

"तिथं येऊन करू काय? दगडासारखं बसायचं? त्याचीच तकलीफ होती, बाकी काही राग न्हाई."

मी त्यांना विचारलं, दारावर येणारा माल घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवाल का. फक्त तुम्ही. सचिव मधे बोलणार नाहीत, मीही बोलणार नाही. दाराच्या आत मात्र माझं चालेल.

त्यांनी कप खाली ठेवला. "तू बी बोलणार न्हाई?"

"न्हाई."

ते दुसऱ्याच दिवशी आले, दाराशी खुर्ची टाकून बसले.

काही दिवसांनी ट्रॅक्टर आला तो आमच्याच घरचा. सासरे स्वतः बसून आले होते. काकांनी पोत्यात हात घालून एक हळकुंड काढलं, मोडून पाहिलं. ते खट्कन मोडलं नाही, वाकलं.

"वाळली न्हाई. घेऊन जा."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्या बायका पाहत होत्या. 

"मामा, दारावरचा निर्णय काकांचा असतो," मी म्हणाले.

ट्रॅक्टर परत गेला. घरी त्या रात्री सासरे लवकर जेवून उठले. नवऱ्यानं दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मला वाईट वाटत होतं. तरी काकांना दिलेला शब्द मागं घ्यावा असं एकदाही मनात आलं नाही. आमची हळद घेतली असती तर त्या खुर्चीला काही अर्थच उरला नसता.

सासऱ्यांनी हळद गच्चीवर पसरली. कडक ऊन होतं. ते रोज जाऊन तिला हात लावून बघायचे. मग एका सकाळी मी डबा भरत होते तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात आले.

"काका आज शेडवर हायेत का?"

"हायेत, मामा."

"मग हळद आणतो म्हणून सांग."

त्या दिवशी काकांनी हळद घेतली. दोघं दाराशी बसून चहा प्यायले, बराच वेळ कालव्याच्या पाण्याच्या पाळीबद्दल बोलत राहिले. आत ड्रम फिरत होता आणि मावशी बायकांना पुढची पोती ओढायला सांगत होती. मी बाहेर गेले नाही, तिथं माझं काही काम नव्हतं.