उतू गेलेल्या दुधाचा देव

श्यामकांत आगाशे यांनी उभ्या जन्मात एकही नियम मोडला नव्हता. या गोष्टीचा त्यांना जेवढा अभिमान, तेवढाच घरच्यांना ताप. पुण्यात पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून छत्तीस वर्षं काढलेला माणूस. मुलगा शार्दूल गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, तो त्यांना आणि बायकोला, सरलाताईंना, जर्मनीत झिंडेलफिंगेनला घेऊन आला, तेव्हा पुण्यातल्या नातेवाइकांना काळजी लागली की यांचं तिकडं कसं निभणार. निभणार कसलं, गृहस्थ रमले! काचेची बाटली रविवारी डब्यात टाकली तर शेजारीण खिडकीतून खाकरते, असा देश त्यांना आणखी कुठं मिळणार होता?

ती खाकरणारी शेजारीण म्हणजे समोरच्या दारातल्या फ्राउ हेबर्ले. वय चौऱ्याहत्तर, कारखान्याच्या कॅन्टीनमधून निवृत्त. त्या भागात केअरवोखे म्हणून एक प्रकार आहे. जिना झाडायची आठवड्याची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. सोमवारी सुरू, शनिवारी संध्याकाळी जिना पुसून झाला की पाटी शेजारच्या दाराला. आगाश्यांकडं पाटी आली की श्यामकांत स्वतः झाडू घेऊन उतरायचे आणि हेबर्लेबाई कठड्यावरून बोट फिरवून बघायच्या. बोट स्वच्छ निघालं की दोघंही एकमेकांकडं बघून मान हलवायची. त्यांची मैत्री म्हणायची ती एवढीच, पण पक्की.

सरलाताई मात्र तिथं रमल्या नाहीत. सून उर्जा सकाळी सातच्या गाडीनं ऑफिसला, शार्दूल त्याच्याही आधी, आणि बारा वर्षांची नात अन्वी मराठीतल्या प्रश्नाला जर्मनमधून उत्तर देऊन खोलीत पसार. पण त्याच अन्वीनं एकदा आजीला जर्मन शब्द यावेत म्हणून जुन्या लॅपटॉपवर एक खेळ घालून दिला. ग्राउमार्क त्याचं नाव. किल्ले, तलवारी, राक्षस, सगळा बाजार. पोरगी आठवड्यात कंटाळली. आजी मात्र हिंडत हिंडत त्या राज्याच्या एका कोपऱ्यातल्या देवळांच्या दरीत पोचली आणि तिथंच बसली.

त्या दरीत म्हणे तीनशे देव. तिथला कायदा असा की प्रत्येक देवासमोर रोज कुणीतरी एक दिवा लावायचा. दोन दिवस खंड चालतो. तिसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या ठोक्यापर्यंतही दिवा लागला नाही, की देव विझला. देऊळ ढासळतं, मूर्तीची राख होते आणि नाव मागच्या भिंतीवर कोरलं जातं. एकदा भिंतीवर गेलेला देव परत येत नाही. खेळणाऱ्यांची झुंबड युद्धाच्या आणि खजिन्याच्या देवांपाशी. बाकीचे पटापट विझत चाललेले. नावाड्यांचा देव गेला, लोकरीची कसर झाडणारी देवी गेली, हरवलेल्या शेळ्यांचा देव तर कधीचाच गेला.

"अहो, इकडं या," एक दिवस सरलाताईंनी हाक मारली. "हा बघा थालूम. चुलीवर विसरलेल्या भांड्यांचा देव. दूध उतू जाऊ देत नाही म्हणे. याला आता कुणीच उरलं नाही. हा मी घेतला."

"खोटा देव, खोटा दिवा, वर खोटीच काडी," श्यामकांत पेपरातून मान न काढता म्हणाले.

"तुमच्या छत्तीस वर्षांच्या फायली खऱ्या होत्या ना? त्यांनी कुणाचं काय भलं केलं ते सांगा!"

यावर हेडक्लार्कांनी पान उलटलं.

तर दोन वर्षं हे चाललं. सकाळी आंघोळ, घरच्या पितळी देवांची पूजा श्यामकांतांची, आणि थालूमची सरलाताईंची. गेल्या नोव्हेंबरात मात्र एक प्रकार झाला. थालूमचा दिवा लावताना सरलाताईंची समाधी लागली आणि शेगडीवरचं दूध उतू गेलं. विसरलेल्या भांड्यांच्या देवाची पूजा करताना भांडं विसरलं, आता बोला! धुराचा अलार्म केकाटला, हेबर्लेबाई दारात आल्या, विजेच्या शेगडीच्या काचेवर दूध करपून बसलं. उर्जाची त्याच दिवशी ऑफिसची मोठी मीटिंग होती आणि तिला उशीर झाला. ती काच खरवडता खरवडता बोलून गेली, "आई, आता तुमच्या त्या देवालाच सांगा पुसायला." पुढचे तीन दिवस दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलल्या. चौथ्या दिवशी सरलाताईंना ताप आला, न्यूमोनिया निघाला, हॉस्पिटलात आठ दिवस गेले, आणि त्या घरी आल्याच नाहीत.

श्यामकांत आतून पार मोडले. पण मोडलेला माणूसही नियमानंच मोडला. तेरा दिवसांचं सुतक कडक पाळलं, घरच्या देवांवर पडदा, लॅपटॉप बंद. चौदाव्या दिवशी बायकोचं खेळातलं खातं तरी रीतसर बंद करावं म्हणून त्यांनी तो उघडला. बघतात तर काय, थालूमसमोर दिवा जळतोय!

बोटं मोडून हिशेब केला. हॉस्पिटलचे आठ आणि सुतकाचे तेरा, एकवीस दिवस घरात कुणी दिव्याला हात लावलेला नाही. तिसऱ्या दिवशी विझायचा देव एकवीस दिवस जागा! श्यामकांतांनी लॅपटॉपला हात जोडले. त्या दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "सरलाची पुण्याई. दुसरं काही नाही." शार्दूल ताटाकडं बघत राहिला. उर्जा पाणी आणायला उठली आणि बराच वेळ आलीच नाही. तिचा तसाही कशावर विश्वास नाही, असं म्हणून श्यामकांतांनी तो विषय मनात मिटवला.

तेव्हापासून खोट्या देवाचे पुजारी हेच. सोवळं नेसून लॅपटॉपसमोर बसायचे. दिवा लावताना देवाकडं एक मागणं लिहायची सोय होती, त्यात हेडक्लार्क रोज सविस्तर अर्ज लिहायचे, विषय आणि संदर्भासकट. आणि चमत्काराची गोष्ट? ती त्यांनी पुण्यात सगळ्यांना फोनवरून ऐकवली. चुलतभाऊ श्रीरंगदादांना तर इतकी पटली की त्यांनी भजनी मंडळात दोनदा सांगितली, आणि दुसऱ्यांदा एकवीसचे एक्केचाळीस दिवस झाले.

हेच श्रीरंगदादा यंदा ऑक्टोबरात गेले. सोमवारी सकाळी त्यांच्या मुलाचा, सिद्धांतचा फोन आला. दादांसाठी श्यामकांत रडले, तोंड धुतलं आणि लगेच त्यांच्या ध्यानात आलं: सख्खा चुलतभाऊ, दहा दिवसांचं सुतक. घरचे देव दहा दिवस पारोसे राहिले तरी समजून घेतात, त्यांचा आगाश्यांशी चार पिढ्यांचा परिचय. थालूमला मात्र तिसऱ्या दिवसापलीकडं मुदत नाही. आणि चमत्कार दरवेळी मागायचा नसतो, एवढी समज श्यामकांतांना होती.

"बाबा, खेळ आहे हो तो," शार्दूल म्हणाला. "खेळाला कसलं सुतक?"

"तुझ्या आईनं दोन वर्षं पुजलाय. पुजला की देव झाला. आणि देव झाला की सुतक आलंच."

घरात सगळ्यांनाच सुतक. मग पुण्यात अशा वेळी जे करतात तेच त्यांनी केलं, कुळाबाहेरचा शेजारी गाठला. हेबर्लेबाईंची बेल वाजवली. स्वतःचं तुटकं जर्मन, हातवारे, आणि दुभाषी म्हणून ओढून आणलेली अन्वी. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मेलेला भाऊ, लावायला न चालणारा दिवा, विझणारा देव. दुसरी कुणी असती तर दार लावलं असतं. पण यांचं तोंड उजळलं.

"आल्झो," त्या म्हणाल्या, "म्हणजे केअरवोखे."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" श्यामकांत भरून येऊन म्हणाले.

अन्वीनं दोन मिनिटांत त्यांच्या टॅबवर खेळ घालून दिला. पण पाटीशिवाय पाळी कशी, यावर बाई अडून बसल्या. तेव्हा श्यामकांतांनी पुठ्ठा कापून, दोरी ओवून, ठसठशीत अक्षरांत थालूमची पाटी केली आणि त्यांच्या दाराला लटकवली. घरी येऊन लॅपटॉपवर धुतलेलं उपरणं टाकलं. सुतकात दर्शनसुद्धा नको.

पुढचे दिवस जिवाला घोर असा राहिला नाही. जगात एका माणसावर डोळे मिटून भरवसा ठेवावा तर तो हेबर्लेबाईंवर. पुढच्या मंगळवारी, म्हणजे सुतकाच्या नवव्या दिवशी, दुपारी तीनला त्या जिन्यात भेटल्या. श्यामकांतांनी छातीवर हात ठेवून आभार मानले. आता दोनच दिवे राहिले, बुधवारपर्यंतचे, असं बोटांवर दाखवलं.

बाईंनी भुवया उंचावल्या. त्यांचा आठवडा तर शनिवारी संपला. शनिवारी संध्याकाळी त्यांनी शेवटचा दिवा लावला आणि पाटी रीतीप्रमाणे शेजारच्या दाराला लटकवली. शेजारचं दार म्हणजे आगाश्यांचं.

श्यामकांतांनी कठडा धरला. रविवार, सोमवार, मंगळवार. बारा कधीच वाजून गेले. दहा दिवसांचं काम त्यांनी आठवड्याच्या मापात दिलं होतं, आणि चूक बाईंची नव्हतीच! नियम त्यांनीही पाळला, यांनीही पाळला. दोघांनी मिळून काटेकोरपणे सरलाचा देव मारला.

"पाटी? कुठंय पाटी?" ते मराठीतच विचारत होते.

बाईंना शब्द कळले नाहीत, पण आपल्यावर काहीतरी येतंय एवढं कळलं. त्या तरातरा आत गेल्या, टॅब घेऊन आल्या, एक पान उघडून त्यांच्या नाकासमोर धरलं. देवळाची वही. कुणी कधी दिवा लावला आणि काय मागितलं, सगळं तारीखवार. अशी काही वही आहे हे श्यामकांतांना अकरा महिन्यांत ठाऊक नव्हतं. हेबर्लेबाईंनी ती पहिल्याच दिवशी शोधून काढली होती. सोमवार ते शनिवार त्यांचं नाव, आणि मागण्याच्या जागी सहाही दिवस एकच शब्द. एरलेडिग्ट. काम झालं.

पण त्याच्याही वर आणखी तीन ओळी होत्या. त्यांनी चष्मा सारखा केला. रविवार, उर्जा. सोमवार, उर्जा. मंगळवार, सकाळी सहा पंचेचाळीस, उर्जा.

श्यामकांत घरात आले. दारामागच्या खुंटीवर उर्जाचा पावसाळी कोट होता. तो उचलला तर खाली पुठ्ठ्याची पाटी. त्यांचा आधी संताप संताप झाला. सुतकात! सांगून-सवरून! मग त्यांनी उपरणं बाजूला केलं, लॅपटॉप उघडला, वही शोधली आणि मागं मागं जाऊ लागले. त्यांच्या स्वतःच्या अर्जांची पानंच्या पानं गेली, सगळे सरलाच्याच खात्यावरून लिहिलेले, संधिवात, शार्दूलचं प्रमोशन, अन्वीचं गणित. गेल्या नोव्हेंबरपाशी ते थांबले.

एकवीस दिवस, एकवीस ओळी, सगळ्या उर्जाच्या. पहिली ओळ हॉस्पिटलच्या पहिल्या दिवसाची. मागण्यात मराठीत लिहिलं होतं, 'आई घरी येईपर्यंत तेवत राहा.' दुसऱ्या दिवशी तेच. आठव्या दिवशी तेच. नवव्या दिवशी, ज्या दिवशी सरला गेली होती, त्याही दिवशी तेच. दहाव्या, अकराव्या दिवशी, तेराव्याचं जेवण झालं त्या दिवशीसुद्धा तेच वाक्य, एक अक्षर न बदललेलं. आणि आज सकाळचंही तेच.

त्यांना श्रीरंगदादांचं भजनी मंडळ आठवलं. पाणी आणायला उठलेली सून आठवली. लाज वाटली, खूप वाटली, आणि सरलाची इतकी आठवण आली की ते उपरण्यात तोंड घालून एकटेच हुंदके देत बसले.

उर्जा साडेचारला आली. उघडा लॅपटॉप बघून बूट काढता काढता दारातच थबकली.

"बाबा, मी सांगणार होते. म्हणजे, सुतक होतं हे मला माहीत आहे, पण..."

"चहा टाकलाय," श्यामकांत म्हणाले. "बस आधी."

ती बसली. शेगडीवर दूध होतं. ते आज शेगडीपाशीच उभे होते, दुधावरची नजर न काढता.

"उद्याचा दिवा राहिलाय. मला परवापर्यंत चालत नाही," ते दुधाकडं बघतच म्हणाले. "तूच लाव."

"बरं."

दूध वर आलं. त्यांनी वेळेवर गॅस समजून शेगडीचं बटण चाचपडलं, मग काचेवर बोट दाबून ती बंद केली.

"आणि उर्जा, ते मागणं लिहितेस ना? ते बदलू नकोस."