मायचं गाणं आणि गावाचा रेडिओ

माझी माय रेडिओवर गायली आणि आमचं गाव सोडून सगळ्या मुलखानं ते ऐकलं.

आमचं गाव शहादा तालुक्यात, कळसाडी ओलांडून तापीच्या अंगाला. तेव्हा आमचा जिल्हा धुळे होता. वीज शहाद्यापर्यंत येऊन पोचली होती, पण तिथून पुढं आमच्याकडं यायला तिला सवड होत नव्हती. अशा गावात ग्रामपंचायतीला सरकारी रेडिओ मिळाला. लाकडी पेटीतला, भल्या मोठ्या बॅटरीवर चालणारा. चावडीच्या छपरावर कर्णा बसवला. रोज संध्याकाळी त्यावर शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागायचा. कापसाचे भाव, पावसाचा अंदाज, कुठल्या किडीवर कुठलं औषध, आणि शेवटी एखादं गाणं. माणसं गुरं बांधून चावडीपुढं येऊन बसत. भाव चढला की नानांकडं कौतुकानं बघत आणि पडला की रागानं.

नाना म्हणजे माझे वडील. ते सरपंच होते, त्यामुळे रेडिओच्या पेटीची किल्ली त्यांच्या करदोऱ्याला असायची. रेडिओ लावायचं काम मात्र माझं. मी मॅट्रिकला बसून आलो होतो (बसलो होतो एवढंच, पुढं उठून कुठं गेलो नव्हतो) आणि शहाद्याच्या एका दुकानात रेडिओ दुरुस्त होताना लांबून पाहिला होता. एवढ्या शिक्षणावर गावानं मला रेडिओतला जाणकार ठरवलं. मीही फारशी हरकत घेतली नाही.

त्या पेटीला दोन बटणं होती. डावं आवाजाचं, उजवं केंद्र लावायचं. उजवं जरा हललं की आपलं केंद्र जायचं आणि गुजरातचं लागायचं, कारण गुजरात आम्हांला मुंबईपेक्षा जवळ. नाना दोन्ही बटणांना ‘कान’ म्हणत आणि कोणता कान कशाचा, हे त्यांनी कधी शिकून घेतलं नाही. सरपंचानं ते शिकायचं नसतं, असं त्यांचं मत होतं.

एका वर्षी रेडिओची माणसं जीपमध्ये यंत्र घालून तालुक्यात आली. गावोगावची गाणी त्यांना शेतकऱ्यांच्या कार्यक्रमासाठी भरून न्यायची होती. नानांनी ताबडतोब आपल्या भजनी मंडळाचं नाव पुढं केलं. त्यात नाना स्वतः झांजा वाजवत. त्यांचे साहेब म्हणाले, “भजनं भरपूर झाली. बायकांची गाणी पाहिजेत. तुमच्याकडे ती कानबाई बसते ना, तिची.”

कानबाई आमच्या खानदेशची देवी. श्रावणात घरोघर बसते आणि तिच्यापुढं बायका गातात. आमच्या गावात त्या बायकांच्या पुढं असायची माझी माय. तिचा आवाज मोठा होता. ती ओसरीवर गायला लागली की नाना आतून ओरडायचे, “जरा हळू, गावमा बाकीना लोक बी ऱ्हातस.” तीच माय आता रेडिओवर गाणार म्हटल्यावर नाना दोन दिवस कुणाशी नीट बोलले नाहीत. मग तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः बैलगाडी धुऊन काढली.

गाणं भरायचं होतं शहाद्याच्या शाळेत. मी मायबरोबर गेलो. साहेबांनी कानाला काहीतरी लावलं, तिच्यापुढं एक जाळीदार डबी ठेवली आणि म्हणाले, “बाई, घाबरू नका. घरी गाता तसंच गा.”

मायनं त्या डबीकडं बघून डोळे मिटले. एकदा मिटल्यावर ती घाबरली नाही. ती गात असताना शाळेच्या खोलीत एक कोंबडी शिरली आणि थेट साहेबांच्या पायाशी गेली. मायनं तेवढ्यात डोळे उघडले, गाता गाता हसली आणि हसता हसता पुन्हा गाण्यात शिरली. मला वाटलं, आता पहिल्यापासून. पण साहेब म्हणाले, “राहू द्या. फार छान आलंय.”

मायनं मला हळूच ढोसलं. मी विचारलं, “साहेब, तिला ऐकायला मिळेल का?”

“आत्ता वेळ नाही हो, पुढं तळोद्याला जायचंय. रेडिओवरच ऐका, जास्त चांगलं ऐकू येईल.”

परतताना गाडीत माय म्हणाली, “भास्कर, कसा शे रे मन्हा आवाज?”

“चांगला शे.”

“चांगला-वाईट नही इचारत मी. कसा शे?”

ती म्हणाली, “गाताना मी आत ऱ्हास. बाहेर तो कसा वाटस, माले काय माहीत? सगळासनी आयका, मीच आयका नही.”

कार्यक्रमाचा दिवस रेडिओनंच सांगितला आणि नाना तयारीला लागले. पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे रेडिओ बंद केला. का, तर त्या दिवसासाठी बॅटरी टिकली पाहिजे. ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत गावाला भाव कळेनासा झाला. रतन आबा म्हणून आमचे एक म्हातारे शेजारी होते. ते रोज रेडिओला उलट उत्तरं द्यायचे. ते चावडीवर येऊन म्हणाले, “सरपंच, रेडिओ गावना शे का तुन्हा घरना?”

“गावनाच शे. म्हनीसनच गावसाठे जपी ऱ्हायनू.”

आबा बंद रेडिओसमोरच थोडा वेळ बडबडून घरी गेले.

त्या संध्याकाळी चावडीपुढं पाय ठेवायला जागा नव्हती. नानांनी शाळेतून खुर्ची आणवली आणि मायला रेडिओच्या शेजारी बसवलं. चावडीत खुर्चीवर बसलेली ती गावातली पहिली बाई. तिनं लग्नातलं लुगडं नेसलं होतं आणि हात कुठं ठेवावेत हे तिला समजत नव्हतं. मागं ढोलवाले उभे होते. त्यांना नानांनी बजावून ठेवलं होतं, “गानं सरनं की लगेच वाजाडा.”

मी रेडिओ लावला. केंद्र अगदी स्वच्छ लागलं. कपाशीवरच्या रोगाची माहिती सरली आणि निवेदक म्हणाले, “आता ऐका, शहादा तालुक्यातील…”

पुढं आमच्या गावाचं आणि मायचं नाव त्यांनी घेतलं असावं. ‘शहादा’ म्हणताच चावडीपुढं जो गलका झाला, त्यात काही ऐकू आलं नाही. मग सगळे सगळ्यांना गप करायला लागले. ‘गप बठा, गप बठा’ असा एवढा आवाज झाला की कर्णा त्यात बुडून गेला. नाना घायकुतीला आले. “भास्कर, मोठं कर, मोठं कर,” म्हणत त्यांनी मला कोपरानं बाजूला सारलं आणि स्वतःच एक कान धरून पिळला.

कर्ण्यातून मोठी खरखर निघाली. मग ती थांबली आणि एका बाईचा आवाज आला. गोड, पातळ, रेशमासारखा. पाठीमागं बाजाची पेटी वाजत होती. लोक एकदम शांत झाले.

पेटी कुठून आली, अशी शंका माझ्या मनात आली होती, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण शेजारच्यानं तेच मला विचारलं तेव्हा मी जाणकाराच्या थाटात म्हणालो, “ती नंतर घालतात. केंद्रावर पेटीवाले पगारी असतात.” शब्द नीट कळत नव्हते. पण त्या कर्ण्यातून शब्द कळायचेच असं आमच्या गावानं कधी धरलेलं नव्हतं. मी मान डोलवायला लागलो. माझी मान बघून बाकीच्यांनी डोलवल्या.

माय हळूच म्हणाली, “हाई मी नही शे.”

“गप बठ,” नाना म्हणाले. “गानं चालू शे.”

“आयका ना. हाई मन्हा आवाज नही.”

रतन आबा पुढं वाकले. “वहिनी, सोताना आवाज सोताले कधी वळखू येस का? आम्ही रोज आयकतस, आम्हले इचार. तुन्हाच शे.”

मायनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, “माय, यंत्रमाईन आवाज बारीक व्हस.” हे मला कुणी सांगितलं होतं, ते आजपर्यंत आठवलेलं नाही.

ती पुन्हा ऐकायला लागली. आधी कपाळाला आठी घालून, मग जरा मान कलती करून. सगळं गाव सांगत होतं, नवरा सांगत होता, शिकलेला मुलगा सांगत होता. हळूहळू तिची आठी गेली. तिनं पदर तोंडाशी धरला आणि डोळे भरून आले. शेजारी उभ्या असलेल्या मलाच ते ऐकू आलं. ती म्हणाली, “इतला गोड शे मन्हा आवाज?”

गाणं सरलं. ढोलवाल्यांनी ढोल बडवायला सुरुवात केली. त्यानंतर रेडिओ काय बोलला आणि कुठल्या भाषेत बोलला, हे कुणालाच कळलं नाही. बायकांनी मायची ओटी भरली. नानांनी सगळ्यांना गूळ-खोबरं वाटलं. घरी जाताना माय गुणगुणत होती, पण अगदी बारीक आवाजात. नेहमीच्या मोठ्या आवाजात नाही. तो बारीक आवाज तिला जमत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धानोऱ्याहून मामा आला, मायचा थोरला भाऊ. प्रकाशा गावाशी तापी ओलांडून, पेढे घेऊन आला होता. ओसरीवर टेकायच्या आधीच म्हणाला, “काय गायनी वं बाई तू. आम्हना गावमा सगळा लोक उठी उभा ऱ्हायनात. अन् गाता गाता मझारमा तू हासनी ना, तठे तर सगळासले हासू उनं.”

आदल्या संध्याकाळच्या गाण्यात कुणीच हसलं नव्हतं.

“हासनू व्हतू मी,” माय म्हणाली. “कोंबडी उनी व्हती.”

“आन् ती पेटी?” मी मामाला विचारलं.

“कोनती पेटी? पेटी-बिटी काय नव्हती. नुसती तीच.”

मी चावडीत गेलो. मागोमाग नाना किल्ली घेऊन आले. रेडिओची पेटी उघडून मी काहीही न फिरवता रेडिओ लावला. एक गृहस्थ स्वच्छ गुजरातीत बातम्या देत होते. नानांनी त्या पूर्ण ऐकल्या. मग म्हणाले, “मी तर नुसतं मोठं करं.”

घरी आलो तेव्हा माय चुलीपुढं बसली होती आणि मामा पाटावर. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती भावाला एवढंच विचारत होती, “कसा व्हता रे मन्हा आवाज?”

मामानं खूप विचार केला. तो सालदार गड्यांवर ओरडण्यात हयात गेलेला माणूस, त्याला असले शब्द कुठले? शेवटी म्हणाला, “तुन्हासारखाच व्हता.”

मायनं मान हलवली आणि भाकरी उलटली.

नाना गप्प बसले नाहीत. धोतर-टोपी करून, एसटी आणि मग आगगाडी धरून ते थेट रेडिओ केंद्रावर गेले. आमच्या घरात कुणासाठी कुणी एवढ्या लांब गेल्याचं मला आठवत नाही. ‘ते गाणं पुन्हा एकदा लावा, नाहीतर आमच्या बाईला इथं आणून ऐकवतो,’ असं सांगायचं ते घोकून गेले होते. परत आले आणि पायरीवरच टेकले. केंद्रावरची माणसं चांगली होती म्हणाले. चहा पाजला. पण त्यांच्याकडं फिती कमी. एक कार्यक्रम झाला की ती पुसून तिच्यावर दुसरा भरतात. मायच्या फितीवर आता बोंडअळी होती.

“म्हणजे?” मायनं विचारलं.

“बोंडअळीवर भाषन,” नाना म्हणाले. “तुन्हा गानावर.”

ती हसली. आम्ही कुणीच हसलो नाही म्हणून मग तीही थांबली.

त्यानंतर नानांनी त्या पेटीच्या बटणाला हात लावला नाही. श्रावणात माय कानबाईपुढं गायला लागली की ते ओसरीच्या टोकाला येऊन बसत. त्यांनी तिला हळू गा म्हटल्याचं पुन्हा मी ऐकलं नाही. रतन आबा मात्र अखेरपर्यंत आपल्या मतावर ठाम होते. “काही म्हना, त्या दिनना आवाज वहिनीनाच व्हता. धानोरावालासनी दुसरं काहीतरी आयकं.”

माय जाऊन आता खूप वर्षं झाली. पुढं टेपरेकॉर्डर आले, घरोघर आले, पण आम्ही घेतला तो ती गेल्यानंतर. परवा नातीनं फोन माझ्या तोंडापुढं धरला. “आजोबा, पणजीआजी जे गाणं गायची ते म्हणा ना. मी भरून ठेवते.” मी घसा साफ केला, डोळे मिटले आणि चाल धरली. एकही सूर न चुकता शेवटपर्यंत म्हटली. मलाच माझं नवल वाटलं.

आतून माझी बायको म्हणाली, “अहो, ही चाल तर गुजराती आहे.”

तिचं बरोबर होतं. मायचं गाणं मी जन्मभर ऐकलं, त्यामुळे ते कधी लक्ष देऊन ऐकायची वेळच आली नाही. मन लावून ऐकलं ते त्या संध्याकाळचं एवढंच एक.