चिपाडाच्या कुंड्या

सिमेंटची कुठलीही वस्तू दिसली की मामा तिच्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे आणि कान लावायचे. नव्या घराचा खांब असो, नाहीतर पाण्याची टाकी. मालक बिचारा काळजीत पडायचा. "काय न्हाय, बोलतोय की खांब!" एवढं प्रमाणपत्र देऊन मामा पुढं जायचे. अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. नसतील, तर तुमची गल्ली फारच शहाणी म्हणायची.

आमचे हे शेजारी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीतून निवृत्त झालेले. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी मामींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं एकेका शब्दावर आलं. त्यांची खाट पश्चिमेच्या भिंतीला लागून होती. उन्हाळ्यात ती भिंत तव्यासारखी तापायची आणि पंखा नुसती धग फिरवायचा. कूलर लावला तर त्या वाऱ्यानं मामींचा हात आखडायचा.

मग मामांनी ठरवलं, भिंतीलाच झाडांची सावली करायची. बाहेरच्या अंगानं सिमेंटच्या कुंड्या ओळीनं टांगायच्या, आणि त्याही घरीच ओतायच्या.

"मामा, कुंड्या विकत मिळतात की," मी म्हणाले.

"जन्मभर लोखंड वतलं मी. सिमीट माझं आयकंना व्हय?"

ऐकेना. पहिली कुंडी इतकी जड झाली की खिळ्यासकट गिलावा घेऊन खाली आली. वजन कमी करायला मामांनी गुऱ्हाळावरून पिळलेल्या उसाची चिपाडं आणली आणि कुटून सिमेंटमध्ये कालवली. दुसऱ्या दिवशी साचा उघडला, तर आत शिरा! मामा तडक दुकानात. "पावणं, सिमीट इकताय का पिठी?" दुकानदारानं वैतागून नवं पोतं दिलं. त्याचाही शिराच झाला.

कोल्हापुरात गोडाला नाही कोण म्हणतं? सिमेंट म्हणतं. चिपाडात राहिलेल्या साखरेमुळं ते घट्टच होत नव्हतं. हे कळल्यावर मामांनी चिपाडं उकळायला, धुवायला, पुन्हा उकळायला सुरुवात केली. पण गोडी गेली का, हे ओळखायचं कसं? मामांची जीभ तंबाखूनं कामातून गेलेली. म्हणून चिमूटभर चिपाड मामींच्या तोंडात. मामी चघळायच्या, मान हलवायच्या. "गोड." की मामा मुकाट्यानं पातेलं पुन्हा स्टोव्हवर चढवायचे. खरं सांगते, मला त्या दोघांचा हेवा वाटायचा. मामींच्या एका शब्दासाठी घरातलं सगळं काम थांबून राहायचं.

एके दिवशी मामींनी तोंड वाकडं केलं. "थू!" मामा आनंदानं ओरडतच अंगणात आले. त्या खेपेची कुंडी धरली.

पावसाळ्यापर्यंत भिंत कुंड्यांनी भरली. ऑफिस टाइमची फुलं, गोकर्ण, पुदिना, जे जगेल ते. पुढच्या उन्हाळ्यात मामींनी डावा हात भिंतीवर ठेवला आणि म्हणाल्या, "गार." मामा दारामागं जाऊन डोळे पुसत होते. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

काही वर्षांनी मामाच आधी गेले. पुण्याहून मुलगा मामींना न्यायला आला. "तिकडं एसी हाय आई. तरास न्हाय व्हायचा."

मामींनी भिंतीवर हात टेकला तो काढलाच नाही. "हितंच."

मुलानं आईची भरलेली बॅग खाटेखाली सारली. मग बाहेर आला, सुकायला लागलेल्या कुंड्यांकडं बघत उभा राहिला आणि मला म्हणाला, "काकू, आबा ह्यास्नी पाणी सकाळी घालत हुते का सांजंला?"