अॅल्युमिनियमचा जिना

मध्य प्रदेश नुकता झाला होता आणि मी पन्नाशी ओलांडली होती, तेव्हाची ही हकिकत. मुलगी बाळंतपणासाठी आमच्याकडे इंदूरला यायची होती. नातवंडाला पायांवर घेऊन आपणच न्हाऊ घालायचे, असे पत्नीने ठरवून टाकले होते. पण बादली उचलताना तिच्या पाठीत कळ आली आणि ती काही जाईना. पलासियातल्या एका दवाखान्यात पाठीचा एक्स-रे काढला. हाडे ठीक आहेत, असे कळले. तिच्या कण्हण्यापेक्षा मी त्या काळ्या फिल्मवर अधिक विश्वास ठेवला, हे लिहिताना आजही जड जाते.

मग एका सकाळी दाराची वरची कडी तिच्या हाताला लागेना.

"अहो, दार उंच झालं की काय?" ती म्हणाली. मला हसू आले नाही.

जवळच महूला फौजेतून निवृत्त झालेले एक वृद्ध डॉक्टर होते; तिला त्यांच्याकडे नेले. त्यांनी तिची उंची मोजली. मग दोन्ही हात पसरायला लावून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत फीत धरली.

"बहुतेकांची ही दोन मापं जवळपास सारखी असतात. वहिनीजींचे हात उंचीपेक्षा चार बोटं जास्त भरतात. हात वाढले नाहीत, कणा खचलाय."

"पण एक्स-रे तर साफ होता."

"साहेब, फोटो खोटं बोलत नाही, उशिरा बोलतो. हाड बरंच विरल्याशिवाय त्यात दिसत नाही. मणका थोडाच दबला असेल तर बघणाऱ्याची नजर चुकते. और फिल्म जरा जास्त धुतली, की छटाच बदलली."

म्हणून त्यांनी टेबलावर अॅल्युमिनियमचा बोटभर लांबीचा जिना ठेवला. त्याची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून जाड होती; पायरी जितकी जाड, तितकी ती फिल्मवर पांढरी उमटणार. हाताचा आणि जिन्याचा फोटो एकाच फिल्मवर घ्यायचा आणि हाडाची छटा कोणत्या पायरीशी जुळते ते पाहायचे.

"बांगड्या?" त्यांनी विचारले.

"काढणार नाही," पत्नी म्हणाली.

"मग पूरी पलटन वर सरकवा. मला बोटांशी काम आहे."

ओली फिल्म त्यांनी खिडकीशी धरली. ज्या हाताने इतकी वर्षे मला जेवू घातले, तो आतून मी प्रथमच पाहत होतो. हाडे सडपातळ, धूसर होती. त्यांची छटा जिन्याच्या पातळ पायऱ्यांशी जुळत होती.

"हाही अंदाजच," डॉक्टर म्हणाले, "पण फीतही तेच सांगते. आता वाकणं नाही, वजन उचलणं नाही."

"आणि बाळाचं न्हाणं?" पत्नीने विचारले.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "साहेबांचे पाय मजबूत दिसतात."

नात झाली. मी पाटावर पाय पसरून बसलो. पत्नी शेजारी खुर्चीत.

"अहो, मान धरा, मान! तांब्या नाही तो!"

"धरली."

तेलकट, कोवळ्या पाठीतला एकेक मणका माझ्या तळव्याला लागत होता. पत्नीने खुर्चीतूनच हात लांबवला. तो, तिला वाकावे न लागता, नातीच्या कपाळापर्यंत पोचला.