प्लेटीखालची पट्टी

मी चौथी शिकलो. पण बीदरच्या त्या वर्कशॉपात ग्राइंडिंग मशीन माझ्याशिवाय कुणी चालवत नव्हतं, आणि ते मी सगळ्यांना ऐकवायचो.

त्या मशीनचं टेबल चुंबकाचं. जाड लोखंड ठेवून बटण दाबलं की हलायचं नाही. पण हुमनाबादकडच्या एका कारखान्यातून पातळ, कडक केलेली, जराशी वाकलेली प्लेट आली. अशी प्लेट चुंबक ओढून सपाट करतं, आणि घासून सोडली की ती परत वाकते. म्हणून तिच्याखाली चुंबक न धरणाऱ्या धातूच्या दोन पट्ट्या ठेवायच्या आणि तिला बाजूनं क्लँपात धरायची. प्लेट एकच होती. बिघडली तर त्या कारखान्याचं काम तुटलं, आणि तूही मशीनवरनं उतरलास, असं अण्णांनी, म्हणजे मालकांनी, सकाळीच बजावलं होतं. दुपारी कारखान्याचा माणूस येणार होता.

लेथवरचे चाचा म्हणाले, "पितळ घे."

"पितळ मऊ असतंय, चाचा. दबलं तर?"

"तेरे हाथ से दबेगा? इतनी रोटी खाके आया क्या?"

झालं, मला राग आला. भंगारातली स्टेनलेसची पट्टी माझ्याकडं होती. जुन्या स्पीकरचं चुंबक लावून दाखवलं, चिकटलं नाही. कापली, वाकडी होती म्हणून हातोडीनं ठोकून सरळ केली, दोन्ही तुकडे एका उंचीचे केले.

प्लेटीची एक बाजू घासली. उलटून दुसरी घासली, मोजली. एका कोपऱ्यात केसभर फरक.

प्लेट उचलली. पट्टीवर ठोकलेल्या जागी लोखंडाचा बारीक भुगा काट्यासारखा उभा होता. पुसला तरी सुटेना. तिथंच स्पीकरचं चुंबक धरलं, तर पट्टी ओढली गेली. म्हणजे त्या कोपऱ्यात टेबलानं प्लेट खाली ओढली होती. ठोकल्यावर स्टेनलेस चुंबक धरतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

आता प्लेटीत एकदाच घासण्यापुरती जाडी उरली होती. बाहेर जीप थांबली. मी लेथपाशी गेलो.

"चाचा, पितळ हाय काय?"

"अब नहीं दबता?" म्हणत त्यांनी खणातून पितळेची चौकोनी सळई काढली आणि स्वतःच्या लेथवरचं काम थांबवून दोन तुकडे कापून दिले.

अण्णा त्या माणसाला घेऊन पाठीशी उभे राहिले. मी मागं बघितलं न्हाई. पट्ट्या पुसल्या, बोट फिरवलं, परत पुसल्या. प्लेट ठेवून घासायचं चाक अगदी हळू खाली घेतलं. माझ्या कपाळाचा घाम प्लेटीवर पडू नये म्हणून मान तिरकी धरलेली.

त्या माणसानं चारी कोपरे मोजले. दुसऱ्या कोपऱ्यावर दोनदा मोजलं. मग प्लेट कागदात गुंडाळली आणि निघून गेला.

अण्णांनी विचारलं, "ही पितळेची पट्टी कुणी सुचवली?"

"चाचांनी."

"मग सकाळधरनं तू काय करायलास?"

"हातोडी मारायलो होतो."

अण्णा हसले न्हाईत. मशीन माझ्याकडंच ठेवली. फक्त त्या दिवसापासनं पट्टी लावायच्या आधी ती चाचांना दाखवायची, असा हुकूम झाला. तो मी चाचा कामावर होते तोवर पाळला.